बसलेल्या आठजणी

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊजणी मैदानात असतात आणि त्यांतल्या आठ बसलेल्या असतात. पळते ती एकटी. बघणाऱ्यांची नजर तिच्यामागे पळते, टाळ्या तिला पडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'चार गडी बाद केले' असं छापून येतं तेही तिच्याच नावावर. मी मराठी शिकवते. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक प्राध्यापिका लागते, म्हणून 2023 च्या पावसाळ्यानंतर महिला व्यवस्थापक म्हणून माझं नाव लागलं. सरावाला पहिल्यांदा मैदानावर गेले तेव्हा खेळाचे सर म्हणाले, "मॅडम, पळणारीकडं बघू नका. बसलेल्या बघा, म्हणजे खेळ कळंल."

तेव्हापासून मी बसलेल्याच बघत आले.

मैदान सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, मध्ये एक पाटी, तिच्यावर आठ चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एकजण. शेजारच्या दोघींची तोंडं एकमेकींच्या उलट दिशांना. म्हणजे प्रत्येकीला अर्धंच मैदान दिसतं. उरलेलं अर्धं तिच्या पाठीमागे असतं आणि ते तिने कानांनी ओळखायचं असतं: पळणाऱ्या पावलांचा आवाज, सोबतिणीची हाक, समोरच्या बाजूला पडलेली सावली. पाठीवर हात पडून 'खो' कानावर येईपर्यंत उठायचं नाही. आधी उठली तर फाऊल. उठल्यावर पहिलं पाऊल ज्या बाजूला पडलं, त्याच बाजूला जायचं. दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालूनच. मधली पाटी ओलांडायची नाही. मोकळं पळायला मुभा फक्त तीन संरक्षक मुलींना. त्या बसलेल्या दोघींच्या मधून निसटू शकतात, वाटेल तशा वळू शकतात, हुलकावणी देऊ शकतात. पाठलाग करणारी नियमांनी जखडलेली आणि चुकवणारी मोकळी, असा हा खेळ आहे. त्यामुळे पाठलाग करणारीने जे काही ठरवायचं ते बसल्या जागीच ठरवावं लागतं. उठल्यावर विचार करायला वेळच नसतो.

खांबाजवळच्या चौकोनात उंच, लांब हातांची मुलगी बसवतात. खांबावर सूर मारून गडी बाद करायचं काम तिचं. ते देखणं असतं. तिचे फोटो निघतात. मधल्या चौथ्या-पाचव्या चौकोनातल्या मुलींच्या वाट्याला असं काही येत नाही. त्यांना खो मिळतो, त्या दोन पावलं टाकतात, पुढचीच्या पाठीवर हात ठेवतात आणि तिच्या जागी बसतात. बघणाऱ्याला वाटतं, या नुसत्या उठबस करतात. पण चुकवणारी मुलगी खांबाकडे का वळली, याचं उत्तर त्या दोन पावलांत असतं. मधलीने डावीकडचं पाऊल टाकलं म्हणून ती उजवीकडे गेली. उजवीकडे गेली म्हणून खांबाच्या टप्प्यात आली. गडी खांबावरच्या मुलीच्या नावावर लागतो. मधलीचं नाव गुणपत्रिकेत कुठेच नसतं.

आमच्या संघातल्या पाचव्या चौकोनातल्या मुलीबद्दल मला लिहायचं आहे. तिचं नाव मी सांगणार नाही. अख्ख्या हंगामात तिच्या नावावर लागलेले गडी बोटांवर मोजता येतील इतकेच होते.

त्याआधी गावाबद्दल थोडं. चाकूर लातूर-नांदेड रस्त्यावर आहे. लातूरला पोचायला तास लागत नाही आणि त्या तासाभराच्या अंतराने आमच्या मुलांचं आयुष्य ठरवलेलं आहे. 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? दहावीला बरे मार्क पडले की मूल लातूरला. खोली, मेस, क्लास, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी घडवलेल्या या शिस्तीबद्दल मला आदर आहे. शेतमजुरांची मुलं डॉक्टर झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि ते फार मोठं काम आहे. पण या शिस्तीत प्रत्येक मूल एकटं असतं. शेजारच्या बाकावरचा मित्र मेरिट लिस्टमध्ये तुमच्या वर असतो नाहीतर खाली. त्याचा एक मार्क वाढला म्हणून तुमचा वाढत नाही. जी मुलं लातूरला जात नाहीत, जाऊ शकत नाहीत किंवा मुलगी आहे म्हणून पाठवली जात नाहीत, ती आसपासच्या बी.ए., बी.कॉम.ला येतात. आमच्या संघातल्या सगळ्या मुली अशाच होत्या. आपण मागे राहिलेल्या आहोत हे त्यांच्या मनात घर करून बसलेलं होतं. ते मला निबंधाच्या वह्यांत दिसायचं. मैदानावर गेल्यावर ते दिसेनासं झालं.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन माना टाकून उभं होतं. खो-खोच्या मातीच्या मैदानाला पाणी लागतं. मुरूम आणि माती टाकून, पाणी शिंपडून, रोलर फिरवून ते बसवावं लागतं, नाहीतर धूळ उडते, पाय सरकतो आणि सूर मारणारीचे कोपर-गुडघे सोलून निघतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराला पाजलं होतं. तो उन्हाळा अजून इथल्या प्रत्येक घरात जिवंत आहे. म्हणून मैदानावर पाणी शिंपडा असं म्हणायला इथे जीभ धजत नाही. मुलींनी यावर आपल्या परीने तोड काढली. मैदान अख्खं भिजवायचं नाही, दोन्ही खांबांभोवतीची जागा तेवढी ओली करायची. मध्ये बसणाऱ्यांनी धूळ सोसायची. चौथ्या-पाचव्या चौकोनातल्या मुली सराव संपवून उठायच्या तेव्हा त्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या.

सप्टेंबरच्या शेवटी मैदान ओस पडायला लागलं. सोयाबीनची काढणी सुरू झाली होती. कर्णधार मुलगी एक दिवस स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, बाबा म्हणायलेत रास झाल्याबिगर घराबाहेर पडायचं नाही. मजूर मिळंना झालेत." तिच्या पाठोपाठ आणखी तिघींचं तेच. मी आणि सर तिच्या शेतावर गेलो. कापलेल्या सोयाबीनची बनीम लागलेली होती, मळणी यंत्राची पाळी यायची होती. तिचे वडील म्हणाले, "मॅडम, खेळून काय भाकर मिळणार हाय का?" या प्रश्नाला माझ्याकडे सोयीचं उत्तर होतं: राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते. आमच्या मुली विद्यापीठाच्या झोनच्या स्पर्धेला निघाल्या होत्या. मला खोटं आमिष दाखवायचं नव्हतं. मी म्हणाले, "भाकरीचं सांगता येणार नाही. पण ती नसली तर बाकीच्या अकराजणींचं वर्ष जातं." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळी पाच ते सात न्या. सातला पोरगी रानात पायजे."

त्यानंतर सराव पहाटे पाचला. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटेच्या अंधारात तिथल्या जवानांची धावपळ चालते. आमच्या मुलीही त्याच अंधारात मैदानावर यायच्या. उजाडेपर्यंत चेंडू दिसायची अडचण नव्हती, कारण खो-खोत चेंडूच नसतो. उलट अंधाराचा एक फायदा झाला. बसलेल्या मुलींचे कान तयार झाले. सर अंधारात त्यांना बसवायचे, एकीला मागून पळवायचे आणि विचारायचे, "किती लांब? डावीकडं का उजवीकडं?" पाचव्या चौकोनातली मुलगी यात कधी चुकली नाही. ती म्हणायची, "सर, चप्पल नसलेल्या पायाचा आवाज येगळा येतो. टाच टेकवून पळणारी दमलेली असती." चुकवणारी दमली आहे हे पाठीमागून ओळखायचं आणि बरोबर त्याच क्षणी तिला खांबाकडे ढकलायचं, हे शहाणपण कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या एसट्या थांबल्या. स्पर्धेच्या तारखा पुढे गेल्या. आमच्यासाठी ते बरंच झालं, सोयाबीन घरात आलं. नोव्हेंबरात एसटी सुरू झाली तेव्हा सगळ्याजणी अर्ध्या तिकिटात निघाल्या. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. कितीतरी मुलींच्या घरी 'जा' म्हणण्यामागे हे निम्मं भाडंही होतं, हे मी बसमध्ये ऐकलं.

त्याच महिन्यांत आमच्या शेजारच्या घरातला मुलगा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकत होता. तो खरा लातूर पॅटर्नचा. तिथून इंजिनिअरिंग आणि मग ॲन आर्बर. दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा त्याच्या अंगात पिवळ्या-निळ्या रंगाचा शर्ट असायचा. त्याच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ त्या हंगामात एकही सामना हरत नव्हता. मला या खेळातलं काही कळत नव्हतं. त्याने हौसेने समजावून सांगितलं. त्यांचं स्टेडियम एक लाख सात हजारांहून जास्त माणसांचं आहे. चाकुरातली सगळी माणसं बसवली तरी बहुतेक खुर्च्या रिकाम्या राहतील. हा खेळ महाविद्यालयांतच जन्मला, 1869 साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला, हेही त्यानेच सांगितलं. पैसा, प्रक्षेपण, प्रशिक्षकांचे पगार यांत आमचं-त्यांचं काहीच जुळत नाही.

पण एक गोष्ट ऐकली आणि मी चमकले. त्या खेळात आक्रमण करणाऱ्या संघाची एक फळी असते, पाच धिप्पाड गड्यांची. चेंडू झेलून धावायचं काम त्यांचं नाही. मधला गडी चेंडू मागे देतो आणि मग पाचहीजण समोरच्यांना अडवून धरतात. तेवढ्यात मागचा एकजण धावून जातो आणि गुण त्याच्या नावावर लागतो. या फळीसाठी तिथे 'जो मूर' नावाचा पुरस्कार आहे आणि तो एकट्याला देत नाहीत, अख्ख्या फळीला मिळून देतात. मिशिगनच्या फळीला तो 2021 आणि 2022 अशी लागोपाठ दोन वर्षं मिळाला होता. 2023 चा पुरस्कार वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फळीला गेला आणि अखेरच्या सामन्यात नेमके हेच दोन संघ समोरासमोर आले. 8 जानेवारी 2024 ला ह्यूस्टनमध्ये मिशिगनने तो सामना 34-13 असा जिंकला. पंधरापैकी पंधरा विजय. त्या हंगामावर वादाची सावलीही होती. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या आरोपांवरून चौकशी सुरू होती आणि प्रशिक्षक जिम हार्बो यांना काही सामने मैदानाबाहेर राहावं लागलं. मुलाने तेही लपवलं नाही.

जिंकल्यानंतर काय झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच जानेवारीत हार्बो व्यावसायिक संघाकडे गेले. एप्रिलच्या निवडीत त्या एकाच संघातले तेरा खेळाडू व्यावसायिक संघांनी उचलले. म्हणजे ज्या संघाने विजेतेपद जिंकलं तो संघ चार महिन्यांत उरलाच नाही. नाव उरलं, शर्ट उरला. महाविद्यालयाच्या संघाचं हेच असतं. क्लबचा संघ दहा वर्षं टिकेल, गावाचा संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. महाविद्यालयाचा संघ घडायला तीन वर्षं घेतो, एक हंगाम खेळतो आणि मोडतो. ॲन आर्बरला असो की आमच्याकडे, यातून कुणाची सुटका नाही.

आमचा झोनचा अंतिम सामना डिसेंबरात झाला. समोरचा संघ आमच्याहून तयारीचा होता, त्यांच्यात दोन कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या मुली होत्या. सामना मॅटवर होता. आमच्या मुली मातीवर अनवाणी खेळणाऱ्या. मॅटवर बूट लागतात आणि बुटांत पाय जड वाटतात. पहिल्या आक्रमणात आमच्या दोघी घसरल्या. मध्यंतराला आम्ही मागे होतो. दुसऱ्या डावात बरोबरी झाली. अलाहिदा डाव झाला, पुन्हा बरोबरी. मग लघुत्तम आक्रमण: दोन्ही संघांनी एकेकदा पाठलाग करायचा आणि जो कमी वेळात पहिला गडी बाद करील तो जिंकला. त्यांनी आधी आक्रमण केलं. आमच्या कर्णधाराने त्यांना दीड मिनिटाहून जास्त पळवलं आणि मग बाद झाली.

आता आमचं आक्रमण. त्यांची पहिली धावपटू विलक्षण चपळ होती. सगळं मैदान तिच्या मालकीचं असल्यासारखी ती दोन-दोन मुलींच्या मधून आरपार जात होती. चौथीला खो, सातवीला खो, पुन्हा चौथीला. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं आणि पाचव्या चौकोनाकडे बघत राहिले. ती पाठमोरी बसलेली होती. चौथीने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती उठली आणि ज्या बाजूला त्यांची धावपटू पळत होती, तिच्या उलट बाजूला तिने पाऊल टाकलं. शेजारी बसलेल्या कुणीतरी "अगं!" म्हणून ओरडलं. सगळ्यांना वाटलं, चुकली. पण ती धावपटू गेल्या तीन वेळा पाटी ओलांडून आत आली होती आणि चौथ्यांदाही ती तेच करणार, हे या मुलीने बसल्या बसल्या ओळखलं होतं. धावपटू पाटी ओलांडून आत आली ती थेट तिच्या समोर. तिला आता खांबाशिवाय वाट उरली नाही. ती खांबाकडे वळली, इकडून आठवीला खो गेला आणि खांबावरच्या आमच्या उंच मुलीने सूर मारला. घड्याळ त्यांच्या वेळेच्या आत थांबलं होतं.

सगळ्या मुली खांबाकडे धावल्या, आठवीला उचलून घेतलं. फोटोत तीच आहे. पाचवी मात्र अजून नियमाप्रमाणे आठव्या चौकोनात बसलेली होती. खो दिला की ज्या मुलीला दिला तिच्या जागी बसायचं, पंचांची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही. शिट्टी केव्हाच झाली होती. मग कर्णधार मागे वळली आणि तिने तिला हात देऊन उठवलं. एसटीत परतताना ढाल तिच्या मांडीवर होती. ते कुणी ठरवून केलं नव्हतं, बाराहीजणींना ते आपोआप कळलं होतं. मेरिट लिस्टने ज्यांना मागे टाकलं त्या मुलींना दुसऱ्याच्या नावावर लागलेल्या गड्यातलं आपलं पाऊल ओळखता येत होतं आणि आपल्या नावावर लागलेल्यातलं दुसरीचंही. इतकं मोलाचं शिक्षण मी माझ्या वर्गात देऊ शकलेले नाही. ते मला मनापासून मान्य आहे आणि त्याचं मला सुखच वाटतं.

पुढच्या फेरीत आम्ही हरलो. पुढे संघही मोडला. दोघींची लग्नं झाली, एक नर्सिंगला पुण्याला गेली, कर्णधार एका शाळेत शिकवते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा त्या सगळ्या व्हॉट्सॲपवर पुन्हा एकत्र आल्या. भारताच्या मुलींच्या संघाने दक्षिण कोरियाला 175-18 असं हरवून सुरुवात केली आणि अंतिम सामन्यात नेपाळला 78-40. कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, वाढलेली पिंपरी-चिंचवडला. त्याच संघातली अश्विनी शिंदे धाराशिवची. धाराशिवने त्याआधी सारिका काळे दिली होती. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची ती कर्णधार, 2020 साली अर्जुन पुरस्कार. घरच्या हलाखीतून वर आलेली ही मुलगी पुढे तालुका क्रीडा अधिकारी झाली. आमच्या कर्णधाराच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यातच होतं. पण ते उत्तर हजारात एकीचं आहे, हे सांगायला मी अजूनही विसरत नाही. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणींसाठी मैदान, पहाटेचा दिवा, कपडे बदलायला एक खोली आणि सरावानंतर दूध-केळं एवढं मिळालं पाहिजे. मी ते मागत राहते. दिवा मिळाला, खोली अजून नाही.

पाचव्या चौकोनातली मुलगी 2024 च्या पोलीस भरतीला उतरली. 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. तिथे प्रत्येकीने आपापलं पळायचं, पाठीवर हात ठेवायला कुणी नाही. मैदानी चाचणीत तिला चांगले गुण पडले, लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. आता ती पुढच्या भरतीची तयारी करते आहे. पहाटे पळते, दुपारी गणित आणि बुद्धिमत्तेची पुस्तकं घेऊन माझ्याकडे येते. मराठी व्याकरण मी घेते, गणित तिला कर्णधार फोनवर शिकवते. संध्याकाळी ती गावातल्या शाळेच्या मुलींना खो-खो शिकवते आणि संघ लावताना चौथ्या-पाचव्या चौकोनातल्या मुली आधी निवडते. खांबावर कोण, हे शेवटी.